एग बेटावरील अनोळखी सोबत्यांचे आभार

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील एग बेटावर, अन स्गूर हा ३९३ मीटर उंचीचा डोंगर चढताना ज्यांनी मला आधार दिला, त्यांची नावे विचारायची राहून गेली, म्हणून हे जाहीर आभार.

उंचीचा आकडा ऐकून डोंगर किरकोळ वाटतो, तसा तो मुळीच नाही. उभ्या काळ्या कड्याखालची दलदल तुडवून, घळीतून मी माथ्याच्या धारेवर पोहोचले आणि पावसाने निसरड्या झालेल्या पिचस्टोन खडकावर माझा घोटा मुरगळला. मागून येणाऱ्या आजींनी गुडघे टेकून माझ्या बुटाची नाडी सोडली, घोट्याला पट्टी बांधली, नाडी पुन्हा सैलसर बांधून दिली आणि आजोबांनी आपली काठी माझ्या हाती ठेवली. उतरताना एक तरुण, पाऊल कुठे टाकायचे ते दाखवत, गॅल्मिसडेलच्या धक्क्यापर्यंत माझ्यापुढे चालला. मालेगची बोट सुटण्यापूर्वी धक्क्यावरील बाईंनी मला गरम चहा दिला.

रहिवाशांच्या पुढाकाराने, देणग्या जमवून १९९७ मध्ये विकत घेतलेल्या या बेटाविषयी मी वाचले होते. तेथील आपुलकी मात्र प्रत्यक्ष अनुभवली. आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. आजोबा, आपली काठी माझ्याकडे जपून ठेवली आहे.