येत्या रविवारची कृष्णाकाठ सहल : गाडीवाल्यांनी आणि सोबत येणाऱ्यांनी वाचावे

सर्व सभासदांना नमस्कार.

ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळी ठीक ६ वाजता निपाणी बसस्थानकासमोरून गाड्या निघतील. मार्ग : निपाणी, चिकोडी, येडूर, खिद्रापूर, नृसिंहवाडी आणि परत.

येडूरला आधी थांबायचे, हे मुद्दाम ठरवले आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वरासमोर नंदी नाही; तो इकडे येडूरला आहे, असे आपली जुनी माणसे सांगतात. नंदी पाहून मग कोपेश्वर पाहिला की ती गोष्ट मनात बसते. तिथला ४८ खांबांचा स्वर्गमंडप घाईत उरकू नका. छताच्या गोल झरोक्यातून आभाळ दिसते, मुलांना जरूर दाखवा. दुपारी वाडीत कृष्णा-पंचगंगा संगम व दत्तदर्शन. बासुंदी ज्याने त्याने आपापली घ्यावी.

• ऊसतोडीचा हंगाम आहे. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना घाईने ओव्हरटेक करू नये, अंधाराच्या आत परतायचे.
• राज्याची हद्द ओलांडायची आहे. गाडीची कागदपत्रे, लायसन जवळ ठेवा.
• नदीत कोणीही उतरू नये. पाणी संथ दिसले तरी घाटाच्या पायऱ्या निसरड्या असतात.

गाडीत जागा रिकामी असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. वयस्कर सभासदांना आधी जागा द्यायची आहे.