बाळूच्या नावाने, पण बाळूच्या नावावर नाही

सॅन होजे, कॅलिफोर्निया

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

तुमच्यामागे ऑटिझम असलेल्या माझ्या भावाचं, आपल्या बाळूचं कसं होणार आणि तुमचं मृत्युपत्र, हा विषय फोनवर काढला की बाबा "बघू पुढे" म्हणतात आणि आईला नेमकं तेव्हाच गॅसवर काहीतरी आठवतं. म्हणून लिहूनच पाठवते.

आधी इकडचं सांगते. आम्ही दोघांनी लिव्हिंग ट्रस्ट केला, म्हणजे हयातीतच मालमत्ता ट्रस्टच्या नावे ठेवायची, आणि घर त्यात टाकलं. इथे घर नुसत्या मृत्युपत्राने द्यायचं तर बहुतेकदा कोर्टात प्रोबेट करावं लागतं, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून मंजूर करून घ्यावं लागतं, आणि त्यातली वकिलाची फी कायद्यातच लिहिलेली आहे: पहिल्या लाख डॉलरवर ४ टक्के, दुसऱ्या लाखावर ३, पुढे दहा लाखांपर्यंत २. दहा लाखांच्या घरावर २३ हजार डॉलर झाले, आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यालाही तेवढेच घेता येतात. बँकेचं कर्ज कितीही शिल्लक असो, हिशोब घराच्या पूर्ण किमतीवर.

मुलांचे पालक म्हणून मृत्युपत्रात सिॲटलच्या नणंदेचं नाव घातलंय. आई, वाईट वाटून घेऊ नकोस. शेवटचा शब्द इथल्या न्यायाधीशांचा असतो, मुलांची शाळा इथली, आणि तुम्ही येणार व्हिजिटर व्हिसावर. सुट्टीत मुलांनी सांगलीलाच जायचं, हेही आम्ही लिहून ठेवलंय.

वकीणबाईंनी सहज विचारलं, "तुमच्याकडून वारशाने पैसे मिळतील असं कुणी अपंग आहे का नात्यात?" इकडे अपंग माणसाच्या नावावर दोन हजार डॉलरहून जास्त जमले की एसएसआय नावाची सरकारी मासिक मदत बंद होते. त्यामुळे आईबाप पैसे मुलाच्या हातात न देता, त्याच्यासाठी केलेल्या ट्रस्टमध्ये ठेवतात. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात बाळू होता.

बाबा, तुम्ही म्हणता सगळीकडे नॉमिनी लावलेत. पण नॉमिनी पैसे ताब्यात घेतो वारसांच्या वतीने, तो मालक होत नाही. शेअर्सबद्दल सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. (विम्याचं थोडं वेगळं आहे, तेवढं सोडा.) मृत्युपत्र नसेल तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होईल. तुमची आई, म्हणजे आजी आहे, म्हणून तुमच्या मालमत्तेचे चार सारखे वाटे: आजी, आई, मी, बाळू. मग पुढे आईला फ्लॅट विकून लिफ्टच्या इमारतीत जायचं झालं तर बाळूची सही लागणार, आणि त्याची सही चालणार नाही.

तुम्हाला वाटतं आपण आईबाप आहोत, आणखी कागद कशाला. पण अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याने आपोआप कुणी पालक राहत नाही, मग तो मनाने सहा वर्षांचा का असेना. मृत्युपत्रातून पालक नेमता येतो तो अठरा वर्षांखालच्या मुलाला. ऑटिझम असलेल्या प्रौढ माणसासाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. तो तुम्ही दोघं आहात तोवरच करा.

मला सुचतंय ते असं. मृत्युपत्रातूनच बाळूसाठी खाजगी ट्रस्ट करा. ट्रस्ट म्हटलं की आपल्याकडे देवस्थान नाहीतर शिक्षणसंस्था डोळ्यापुढे येते, पण १८८२ च्या कायद्याखाली एका माणसासाठीही तो करता येतो आणि धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागत नाही. फ्लॅटमध्ये आईने तहहयात राहावं, तिच्यानंतर फ्लॅट आणि एफडी ट्रस्टमध्ये. माझा वाटा मला नको, तोही त्यातच घाला. पण कागदावर स्पष्ट लिहा, नाहीतर उद्या कुणी म्हणेल मुलीचं नाव विसरले. गावच्या वडिलोपार्जित जमिनीचं निराळं आहे. २००५ च्या दुरुस्तीने त्यात माझा जन्मतः हक्क आहे आणि तुम्हाला मृत्युपत्राने फक्त तुमचा हिस्सा देता येतो. त्याचं काय करायचं ते समोरासमोर बसून ठरवू, तलाठ्याकडून ताजा सातबारा तेवढा काढून ठेवा.

विश्वस्त म्हणून मला घालू नका. पैशाचा मोह पडेल म्हणून नव्हे. भारतातल्या खात्यांवर माझी सही चालायला लागली आणि त्यांत मिळून दहा हजार डॉलरहून जास्त असले की दरवर्षी इथल्या सरकारला कळवावं लागतं, परदेशी ट्रस्टचे फॉर्म आणखी वेगळे, आणि चुकलं तर दंड जबर. शिवाय बाळूला रात्री ताप आला तर सही करणारा माणूस सांगलीत हवा. आत्याचा संजूदादा आणि आई, आईनंतर संजूदादाबरोबर त्याची बायको. बाळूनंतर उरेल ते तो जातो त्या अपंगांच्या कार्यशाळेला जावं. संजूदादाच्या किंवा माझ्या मुलांना नको. बाळूवर खर्च कमी केला की कुणाचा तरी फायदा होतो, अशी व्यवस्थाच नसावी. संजूदादा भला माणूस आहे, पण तीस वर्षांनी कोण कसं असेल?

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. दोन साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण आणि ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे घ्या, म्हणजे जोशीकाका नकोत, ते तुमच्याहून मोठे. नोंदणीची सक्ती नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे करून टाका, आणि त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत जोडा. मन बदललं तर नवं करता येतं. आईचे दागिने आणि पोस्टातले पैसे तिच्या नावावर आहेत, म्हणून तिचंही मृत्युपत्र वेगळं हवं.

आई, तुझ्यासाठी एक काम. एका वहीत बाळूचं सगळं लिही: गोळ्या कोणत्या आणि कधी, मिक्सरच्या आवाजाआधी त्याला सांगावं लागतं, वरणात मोहरी दिसली की ताट ढकलतो, केस कापायला फक्त त्या एकाच न्हाव्याकडे. यातलं वकिलांना काही लागणार नाही, संजूदादाच्या बायकोला सगळंच लागेल.

आम्ही जूनमध्ये येतोय. त्या आठवड्यात वकिलांची वेळ घेऊन ठेवा आणि संजूदादाला आधी विचारा, परस्पर नाव घालू नका. आजीला सा. न., बाळूला खूप पापे.

तुमची,
मनू