शेवटचा रकाना

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर आईने विचारलं, "तू तिथे नक्की शिकतेस तरी काय?" मी "पर्यावरण आणि आंतरराष्ट्रीय विकास" असं अख्खं नाव घेतलं, तर मागून बाबा म्हणाले, "हे नाव झालं." तेव्हा मी हसण्यावारी नेलं, पण ते डोक्यातून जाईना. पस्तिसाव्या वर्षी चांगली नोकरी सोडून पुन्हा बाकावर जाऊन बसलेल्या मुलीला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फोनवर मला धड सांगता येत नाही. आवाज तुटतो, बाबांना ऐकू येत नाही आणि तरी ते "बरं बरं" म्हणत राहतात. म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

हॉलमधल्या फोटोपासून सुरू करते. हापशाचा दांडा धरून मी उभी आहे, बाजूला कळशी, मागे पोरांची दाटी, आणि पाण्याची पहिली धार. घरी कोणीही आलं की बाबा तो दाखवतात. "हिने गावाला पाणी दिलं."

बाबा, तो हापसा बंद आहे. दोन वर्षं झाली.

मला हे मागच्या महिन्यात कळलं. संशोधन पद्धतींच्या तासाला सरांनी सांगितलं, आपण पूर्वी काम केलेला एखादा प्रकल्प निवडा आणि त्याचं पुढे काय झालं ते शोधून काढा. मी तोच निवडला. सोपा वाटला म्हणून, आणि खरं सांगायचं तर मिरवायला मिळेल म्हणूनही. जुन्या सहकाऱ्याला फोन लावला, त्याने गावातल्या एका बाईंना जोडून दिलं. त्या म्हणाल्या, "दांडा हालतो, पाणी येत नाही." आतलं वायसर गेलं होतं. वाटीच्या आकाराचं, तळहातावर मावेल एवढं. वस्तू किरकोळ, पण त्या बनावटीच्या हापशात ते बदलायचं म्हणजे खालपर्यंतचे सगळे पाइप वर ओढावे लागतात. त्याला तिवई लागते, खास पाने लागतात, शिकलेली माणसं लागतात. पाइप न उपसता नुसता दट्ट्या वर काढता येईल अशी सुधारित बनावटही असते. ती का घेतली नाही, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. बायका पुन्हा ओढ्यावर जातात. त्या बाई चिडल्या नव्हत्या, त्याचंच मला जास्त लागलं.

मग मी जुनी कागदपत्रं उघडली. आमच्या क्षेत्रात प्रत्येक प्रकल्पाचा एक तक्ता असतो, लॉगफ्रेम म्हणतात. अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेसाठी 1969 च्या सुमारास तो पहिल्यांदा तयार झाला आणि आजही पैसे देणारे बहुतेक जण तो मागतातच. चार ओळी, चार रकाने. काय करणार, ते झालं हे कशावरून समजायचं, पुरावा कुठे मिळेल, आणि शेवटचा रकाना गृहीतकांचा. आमच्या तक्त्यात त्या रकान्यात एकच वाक्य होतं: "गावकरी देखभाल करतील." ते मीच टाइप केलं होतं. दहा सेकंदही लागले नसतील.

बाबा, तुम्ही ऑडिटला जायचात तेव्हा ताळेबंद बाजूला ठेवून आधी तळटीपा वाचायचात. लबाडी असली तर ती तिथे बारीक टायपात असते, असं म्हणायचात. आमच्या तक्त्यात लबाडी नव्हती. पण आम्हाला जे जे अवघड वाटलं, ते सगळं आम्ही त्या शेवटच्या रकान्यात ढकलून मोकळे झालो होतो. तर मी काय शिकते याचं मला सध्या देता येणारं उत्तर हे आहे: मी तो शेवटचा रकाना शिकते.

माझ्या वर्गात बांगलादेशातली एक मुलगी आहे. तिच्या देशाची गोष्ट आम्हाला पहिल्याच सत्रात होती. तळी आणि नद्यांचं पाणी पिऊन मुलं हगवणीने दगावत होती, म्हणून 1970 च्या दशकात सरकार आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून कूपनलिका आणि हातपंपांचा धडाका लावला. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशाने लाखो खोदल्या. सगळ्या जगात यशाचं उदाहरण म्हणून नाव झालं. आणि 1993 मध्ये तिथल्या भूजलात आर्सेनिक सापडलं. ते कोणी मिसळलेलं नव्हतं. हिमालयातून वाहून आलेल्या गाळातच ते असतं आणि उथळ थरातल्या पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तळहात-तळपायांवर डाग आणि घट्टे दिसायला बरीच वर्षं जातात, कॅन्सरला त्याहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, बांगलादेशची 50. सुमारे 50 लाख कूपनलिका तपासल्या गेल्या, त्यातल्या 14 लाखांच्या आसपास बांगलादेशच्या मर्यादेबाहेर निघाल्या. दूषित हापशाचं तोंड लाल रंगवायचं, चांगल्याचं हिरवं.

इथवर पुस्तकात होतं. त्यावर ती मुलगी म्हणाली, "माझ्या आजीचा पंप लाल झाला. जवळचा हिरवा ज्यांच्या अंगणात होता, त्यांच्याशी आमचं बोलणं नव्हतं." आजी त्या लाल पंपाचंच पाणी पीत राहिली. पुढे रंग उडाला आणि विषय मिटला. वर्गात कोणी काही बोललं नाही. भूगर्भशास्त्र, रसायनशास्त्र, जनजागृती, सगळं व्यवस्थित झालं होतं, आणि गाडी अडली ती दोन घरांच्या अबोल्यात. अबोला कुठल्या रकान्यात लिहायचा?

आई, तू लगेच म्हणशील, मग कूपनलिका खोदायलाच नको होत्या का? तसं मला म्हणता येत नाही. हगवणीने मुलं मरत होती हेही खरंच होतं. पाण्यात जंतू शोधले आणि आर्सेनिक शोधलं नाही, एवढं मी म्हणते. या विषयात असं फार होतं, दोन्ही बाजूंनी माणसंच असतात. पहिले काही आठवडे मला त्याचा राग यायचा. निबंधाला "अमुक एक करावं" असा शेवट केला की बाईंचा लाल पेनातला शेरा ठरलेला: "कोणी? कोणाच्या जमिनीवर?"

पुस्तकी भाग लवकर उरकते. शाश्वत विकासाची व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाची, 1987 ची: आजच्या गरजा अशा भागवायच्या की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता याव्यात. वाक्य इतकं गोड की ते कोणालाही नाकारता येत नाही, आणि म्हणूनच मला त्याचा जरा संशय येतो. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये ठरवलेली शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं पाठ आहेत, त्याखालची 169 लक्ष्यं नाहीत, होणारही नाहीत.

पण एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासक बाईंबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यात बाबा आहेत. सामायिक कुरण असलं की प्रत्येक जण आपली गुरं वाढवणार आणि कुरण बोडकं होणार, असं गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1968 मध्ये मांडलं होतं. म्हणजे एक तर सरकारने ताबा घ्यावा, नाहीतर तुकडे पाडून मालकी द्यावी. ऑस्ट्रॉमबाईंनी प्रत्यक्ष लोक काय करतात ते जाऊन पाहिलं: मासेमारी, पाटाचं पाणी, जंगलं, कॅलिफोर्नियातलं भूजल. अनेक ठिकाणी लोकांनी आपापसात नियम करून ते पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले होते. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणारी पहिली बाई. टिकणाऱ्या व्यवस्थांच्या त्यांनी ज्या खुणा सांगितल्या, त्यातल्या दोन अशा: नजर ठेवणारा त्यांच्यातलाच असतो, आणि पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी असते. आपल्या इमारतीच्या टाकीचं पाणी बाबांनी इतकी वर्षं कसं सांभाळलं? नळ चालू ठेवणाऱ्याला पहिल्यांदा नुसतं जिन्यात गाठायचं, दुसऱ्यांदा वहीत नाव लिहायचं, तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर वाचायचं. हे मी वर्गात सांगितलं. बाई म्हणाल्या, लिहून काढ.

बाबांसाठी अजून एक, हिशेबाचं. श्रीमंत देशांनी 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत कबूल केलं की 2020 पर्यंत गरीब देशांना हवामानबदलाशी झुंजायला वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करून देऊ. त्यांच्याच आकडेमोडीप्रमाणे तो आकडा पहिल्यांदा गाठला 2022 मध्ये, आणि त्यातल्या सरकारी पैशाचा निम्म्याहून बराच जास्त भाग कर्ज होता. म्हणजे परतफेडीसकट. तुम्ही अशा नोंदीपुढे काय शेरा मारला असता, ते मला ऐकायचंय.

नोकरीचं. खरं सांगते, पहिली दोन-चार वर्षं कंत्राटावरच जातात. सरकारी खाती, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, सल्लागार कंपन्या, सगळीकडे तेच. मला प्रकल्प संपल्यावर पाच वर्षांनी जाऊन बघण्याचं काम हवंय. त्याला पैसे फार कोणी देत नाही. प्रबंध मात्र त्याच विषयावर घेतलाय: बंद पडलेले हापसे, आणि जे बंद पडले नाहीत ते का.

आता जे लिहायचं मी टाळत होते ते. इथे येताना मी तुमच्याही बाबतीत एक वाक्य मनात टाइप करून टाकलं: आई-बाबा निभावतील. तुम्हाला न विचारता. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन माझ्या सुट्टीसाठी तीन महिने पुढे ढकललंत, हे मला आईने नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं. असं करू नका. तारीख घ्या, मी त्या आठवड्यात येते, प्रबंध तिथे बसून लिहिता येतो. आणि आई, जिना उतरताना गुडघा धरावा लागतो की नाही, याचं उत्तर "तसं काही नाही" हे नाही.

हापशाच्या गावातल्या त्या बाईंशी पुन्हा बोलले. गावातल्या दोन मुली हापशाची दुरुस्ती शिकायला तयार आहेत. पाने आणि तिवई कोणाच्या घरी राहणार यावरून सध्या वाद चालू आहे. तो त्यांचा त्यांनीच सोडवायचाय, मी मध्ये पडलेली नाही. फार जड गेलं.

फोटो भिंतीवरून काढू नका. फक्त मागच्या बाजूला, माझ्या हापशाच्या तारखेखाली, पेनाने "बंद" असं लिहा आणि पुढे थोडी जागा सोडा.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, इमारतीची ती पाण्याची वही जपून ठेवा. रद्दीत देऊ नका. मला हवी आहे.