पोर्ट नंबर नसलेली पत्रे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सायबर गुन्ह्यांचा तपास का रखडतो, यावरचा आपला अग्रलेख वाचला. पोलिसांना तंत्रज्ञान कळत नाही, त्यांना प्रशिक्षण द्या, असा त्याचा एकूण सूर. प्रशिक्षण जरूर द्यावे, कोण नको म्हणतो! पण इंटरनेट सेवा देणाऱ्या एका कंपनीत मी अकरा वर्षे पोलिसांच्या पत्रांना उत्तरे देण्याचे काम केले. त्या टेबलावरून जे दिसले ते थोडे वेगळे होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

पत्र साधारण असे यायचे: अमुक तारखेला रात्री ११ वाजून ४२ मिनिटांनी सोबतचा आयपी अ‍ॅड्रेस कोण वापरत होते, नाव-पत्ता कळवावा. लिहिणाऱ्याची समजूत अशी की आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे घर क्रमांक. एकेकाळी बऱ्याच अंशी तसे होतेही. पण जुन्या पद्धतीचे हे पत्ते साऱ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि ते केव्हाच अपुरे पडू लागले. मग कंपन्यांनी एकेक पत्ता अनेक ग्राहकांत वाटायला सुरुवात केली. मोबाइल नेटवर्कवर तर हे सर्रास चालते. पोलिस ज्या मिनिटाबद्दल विचारत, त्या मिनिटाला त्या एका पत्त्याआड शंभरेक माणसे सहज असायची. कोणी क्रिकेट बघतोय, कोणी परीक्षेचा निकाल शोधतोय, आणि त्यातच एक जण कोणाचे तरी खाते रिकामे करतोय. तो नेमका कोण हे सांगायला पोर्ट नंबर, म्हणजे त्या पत्त्याआडच्या एकेका जोडणीला दिलेला आकडा लागतो, आणि वेळ सेकंदापर्यंत लागते.

पत्रात पोर्ट नंबर नसायचा. आम्ही उलट कळवायचो, तो पाठवा. तपास अधिकारी मग संबंधित वेबसाइटला लिहायचे. तिच्याकडून उत्तर यायला काही आठवडे जात, आणि बऱ्याचदा उत्तर असे की आमचा सर्व्हर पोर्टची नोंद ठेवतच नाही. ठेवत असला, तरी तोवर आमच्याकडच्या नोंदींची मुदत संपून त्या आपोआप पुसल्या गेलेल्या असायच्या. क्वचित सगळे जुळायचे, तेव्हा अधिकाऱ्याची बदली झालेली असायची आणि नवा माणूस पहिल्यापासून पत्र लिहायचा. यात पोलिसांचे अज्ञान किती धरायचे? सर्व्हरने पोर्ट नंबर आणि सेकंदापर्यंतची वेळ नोंदवावी, अशी शिफारस इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने २०११ मध्येच केली होती. पण ती पडली शिफारस. कोणावर सक्ती नाही. २०१७ मध्ये युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलिस संस्थेने या वाटून घेतलेल्या पत्त्यांबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली, तोवर मधली सहा वर्षे निघून गेली होती.

वेळेचा घोळ तर विचारू नका. सर्व्हरवरची वेळ बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या समाईक प्रमाणवेळेत असते. पत्र लिहिणारा ती आपल्या घड्याळाची समजतो. एकदा घरगुती कनेक्शनच्या प्रकरणात आम्ही नाव काढून पाकीट बंद करायच्या बेतात होतो. सहकाऱ्याने सहज विचारले, "ही वेळ कुठली धरलीस?" पुन्हा पाहिले तर काही तासांचा फरक निघाला. चुकीच्या वेळी तो पत्ता एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या मोडेमकडे होता. ते पाकीट गेले असते तर पोलिस त्यांच्या दारात उभे राहिले असते. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

पैशाचा माग काढणे याहून अवघड, कारण तिथे हिशेब मिनिटांचा असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर हलवण्याचे बनावट आदेश सुटले. चोरांनी मुहूर्तच तसा काढला होता. ढाक्यात शुक्रवारी सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्ष. बरेचसे आदेश अडले, पण ८ कोटी १० लाख डॉलर मनिलात पोहोचले आणि 'पैसे थांबवा' हा निरोप तिथे कोणी मनावर घेईपर्यंत हातचे गेले. तक्रारदार खुद्द एका देशाची मध्यवर्ती बँक असताना ही गत! तुमच्या-माझ्यासारख्याचे पैसे भाड्याच्या चार-पाच खात्यांतून फिरतात. पकडला जातो तो कमिशनसाठी आपले खाते वापरू देणारा कोणी गरजू. खाती फिरवणारा दुसऱ्याच देशात असतो.

दुसरा देश म्हटले की सरकारी वाटेचे पत्र आले: पोलिसांकडून मंत्रालय, तिथून परदेशी मंत्रालय, तिथले न्यायालय, मग कंपनी. यावरचा एक शहाणपणाचा तोडगा सायबर गुन्ह्यांवरच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट कराराने दिला आहे. माहिती मिळायला वेळ लागेल तो लागो, पण ती आत्ता पुसू नका, असा आदेश लगेच देता येतो; तो ९० दिवसांपर्यंत ठेवता येतो आणि मुदत वाढवताही येते. दिवसरात्र उपलब्ध असा एक संपर्क अधिकारी प्रत्येक सदस्य देशाने नेमायचा आहे. मात्र अनेक देश या कराराबाहेर आहेत. संयुक्त राष्ट्रांचा नवा करार डिसेंबर २०२४ मध्ये संमत झाला, पण त्यातून सरकारांच्या हाती पाळत ठेवण्याचे हत्यार जाईल, ही मानवाधिकार संघटनांची भीती मला पोकळ वाटत नाही. सगळ्यांच्या संदेशांचे सांकेतिक कुलूप (एन्क्रिप्शन) तोडून द्या, ही मागणीही मला पटत नाही. आमच्याकडे अडलेल्या पत्रांपैकी बहुतेकांना कुलूप आडवे आलेच नव्हते. ती अडली होती एका आकड्यावाचून.

आम्ही शेवटी एक छापील नमुना केला होता. चार रकाने: पत्ता, पोर्ट, सेकंदासह वेळ, आणि ती वेळ कुठली. काही अधिकारी तो आपणहून भरून पाठवत. त्यांना बहुधा त्याच दिवशी उत्तर जाई. सर्वांना तो लागू करावा म्हणून वरिष्ठांकडे पाठवला. मी निवृत्त झालो तेव्हा तो 'विचाराधीन' होता.

आपला,
एक निवृत्त नेटवर्क कर्मचारी