टँकची लाईट बंद करा हो, मासे जेवतील

संपादक महोदय,
घरोघरी, दवाखान्यात, हॉटेलात फिश टँक दिसतात आणि त्यातली निळी लाईट बहुतेक वेळा दिवसरात्र चालूच असते, शोभा म्हणून. आमच्याकडेही तेच होतं. दुकानदाराने कोरीडोरस (तळाशी राहणारे मिशीवाले छोटे मासे) दिले, 'तळ साफ ठेवतील' म्हणाला, पण हे पठ्ठे दिवसभर लाकडामागे लपलेले, आणि खाणं वरच्या वर टेट्रा मासे फस्त करायचे. मग मी रात्री ९ ला लाईट बंद करून अर्ध्या तासाने बुडणारी खाण्याची गोळी टाकायला लागलो. मोबाईलच्या अंधुक उजेडात बघितलं तर मिशा वाळूत खुपसून सगळे तुटून पडलेले! हे मासे मिशांनी चव घेत खातात, उजेड लागतोच कुठे त्यांना.

टेट्रा, एंजल या माशांचं उलटं, ते बघून खातात. पण अंधारात एकदम लाईट लावून लगेच खाणं टाकलं तर बिथरतात, खाणं तसंच खाली जाऊन कुजतं, म्हणून १०-१५ मिनिटं थांबायचं. माशांना पापण्या नसतात हो, डोळे मिटायची सोयच नाही. दिवसाला ८-१० तास लाईट पुरते, शेवाळही कमी होतं.

– एक मत्स्यप्रेमी, ठाणे