अण्णांचा स्कॅन आणि हृदयाची विश्रांती

प्रिय सुधीर,

तुझं पत्र काल मिळालं. अण्णांची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा क्ष-किरणांनी काढलेला स्कॅन, ठरलीय आणि तुझ्या जिवाला घोर लागलाय, हे ओळीओळीत दिसलं. ‘हात जरा हलला तरी फोटो बिघडतो, मग धडधडणाऱ्या हृदयाचा कसा येणार?’ असं तू विचारलंस. बारा वर्षं सीटीच्या खोलीत काढली, पण मलाही अजून याचंच अप्रूप वाटतं.

अरे, हृदय कायम हलतं, पण सारखंच हलत नाही. आकुंचन झालं की पुढच्या ठोक्याआधी, रक्त भरून घेताना, क्षणभर जवळजवळ निवांत असतं. आम्हाला तेवढाच क्षण हवा असतो. छातीला ईसीजीच्या वायरी लावतो, त्यावरून मशीन ठोका ओळखतं आणि नेमक्या त्या वेळची माहिती चित्रासाठी वापरतं. नाडी 60 च्या आसपास असली की ही विश्रांती लांबते, 90 ला ती अगदीच तुटपुंजी होते. म्हणून बहुतेकांना आधी मेटोप्रोलॉल हे नाडी मंद करणारं औषध देतात.

मशीनही चपळ लागतं. 1971 साली लंडनमधल्या विम्बल्डनच्या रुग्णालयात, सीटी शोधणाऱ्या हाउन्सफिल्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला, तेव्हा एका आडव्या छेदाच्या चित्राला काही मिनिटं लागत. डोकं तेवढा वेळ स्थिर धरता येई, हृदयाला कोण धरणार? आता मशीनच्या गोल कड्यातली क्ष-किरणांची ट्यूब पाव सेकंदाच्या आसपास एक फेरी मारते आणि चित्राला साधारण अर्धी फेरी पुरते. दोन ट्यूब असलेल्या मशीनला तर पाव फेरीच.

तरी श्वास आमच्या हातात नाही. गेल्या आठवड्यात एका आजींनी मधेच श्वास सोडला. पडद्यावर हृदयाची उजवी रक्तवाहिनी चिरून तुकडे सरकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी दिसली. तिथे ब्लॉक आहे की नाही, कसं सांगणार? त्यांना थोडा वेळ बसवलं, श्वास धरायचा सराव करून घेतला आणि स्कॅन पुन्हा केला.

म्हणून अण्णांकडून आजपासूनच दहा-बारा सेकंद श्वास रोखायचा सराव करून घे. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून देतात ते औषध शिरेत गेलं की अंगभर ऊब पसरते, तेव्हा दचकू नका म्हणावं. आणि त्यांना दमा आहे, हे डॉक्टरांना आधीच सांग. मेटोप्रोलॉल दम्याच्या माणसाला सहसा देत नाहीत, मग नाडीसाठी दुसरं औषध बघावं लागतं. इन्हेलर आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत आण. त्या दिवशी माझी सकाळची पाळी आहे, दारातच उभा असेन.

तुझाच,
मिलिंद