जुना साइड ड्रम तासायच्या आधी एकदा आतून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपल्या सोलापुरातल्या जुन्या बँडवाल्यांवर पान आलं, ते घरात सगळ्यांनी वाचलं, माझे चुलते पंचवीसेक वर्षं बँडमध्ये साइड ड्रम (दोन काठ्यांनी वाजवायचा, खाली तारा असलेला) वाजवायचे त्यामुळं आमच्यासाठी ते घरचंच होतं. फक्त एका फोटोखाली 'शंभर वर्षांपूर्वीचा ब्रिटिशकालीन ड्रम' असं छापलंय, त्याबद्दल लिहायचंय. फोटोतल्या ड्रमची रिंग, म्हणजे वरचं चामडं दाबून धरणारं कडं, नीट बघा, तिची कड वळवून वळवून बाहेर पसरलेली आहे. १९२० च्या सुमाराला रिंग साधी असायची आणि ती वरून पकडींनी दाबून धरलेली असायची, ही बाहेर वळलेली रिंग सगळीकडं दिसायला लागली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आता रिंग बदललेली असू शकते, पान (ज्यावर काठी पडते ते चामडं किंवा प्लॅस्टिक) तर बदलतंच, म्हणून मी तो ड्रम जुना नाही असं म्हणत नाही, पण आतून बघितल्याशिवाय कुणी वय छापू नये एवढंच म्हणतो.

हे मला शहाणपणानं नाही, नुकसान होऊन कळलंय. चुलते गेल्यावर त्यांचा ड्रम माझ्याकडं आला. लाकडी, वरचं पांढरं मोत्यासारखं कव्हर पिवळं पडलेलं, बॅजवर प्रीमियर हे कंपनीचं नाव आणि इंग्लंड. चुलते त्याला बकऱ्याचं चामडं भिजवून कड्यावर ओढून घालायचे, त्यामुळं मापाचा प्रश्न कधी आलाच नाही. मी मात्र दुकानातून १४ इंची प्लॅस्टिकचं पान आणलं तर ते बसेना, चारी बाजूंनी नुसतं अडतंय. दुकानदार म्हणाला लाकूड ओल खाऊन फुगलंय. सुतार म्हणाला काका, कड घासून देतो की, अर्ध्या तासाचं काम आहे. मी हो म्हटलं. त्यानं बाहेरून कव्हर आणि कड दोन्ही तासलं, शिवाय खालच्या कडेला समोरासमोर दोन उथळ खोलगट जागा होत्या त्या झिजल्यात असं समजून पूर्ण कडच सपाट करून दिली, आणि मी त्याला चहा पाजून पैसे दिले.

लाकूड फुगलेलंच नव्हतं. प्रीमियरचे जुने ड्रम आजच्या आंतरराष्ट्रीय मापापेक्षा अगदी थोडे मोठे असायचे, १९६० च्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यांनी माप बदललं. म्हणजे पान न बसणं हाच त्या ड्रमच्या वयाचा पुरावा होता आणि तोच आम्ही कानशीनं घासून टाकला. आणि त्या दोन खोलगट जागा मुद्दाम केलेल्या असतात, खालच्या पानावरून ज्या तारा जातात त्या तिथून किंचित खाली उतरून पानाला सपाट चिकटाव्यात म्हणून, त्या गेल्या की तारा कडेला उचलल्या जातात आणि ड्रम किती पण आवळा, मागं चरचर राहतेच. चुलत्यांचा ड्रम हळू वाजवला तरी तांदूळ सांडल्यासारखा स्वच्छ बोलायचा, आता बोलत नाही.

त्यानंतर मी जिथं जुना ड्रम दिसेल तिथं उलटा करून बघत सुटलो, आणि जे कळलं ते बँडवाल्यांच्या घरच्या पोरांसाठी लिहितो. बॅजवर सगळा भरवसा ठेवू नका, पण बॅज वाचा जरूर. प्रीमियर कंपनी १९२२ ला लंडनमध्ये सुरू झाली आणि १९४० मध्ये बाँबहल्ल्यात कारखाना गेल्यावर लेस्टरकडं हलली, त्यामुळं कुठं गावाचं नाव असेल तर ते टिपून घ्या. अमेरिकन ड्रमवर डब्ल्यू एफ एल अशी अक्षरं दिसली तर ती लुडविग ही ड्रम कंपनी काढणाऱ्या विल्यम एफ. लुडविगचीच आहेत, त्यानं आपलं नाव कंपनीसकट विकून टाकलं होतं, मग १९३७ ला नवा कारखाना काढला तेव्हा स्वतःचं आडनाव पूर्ण लावता येईना म्हणून नुसती आद्याक्षरं, आणि १९५५ ला ते नाव परत विकत घेतलं. लुडविगच्या बॅजवर नंबर येतात ते १९६३ च्या आसपासपासून, पण बॅज पेटीतून हाताला येईल तसे लावत त्यामुळं नंबर लहान म्हणजे ड्रम आधीचा असं नाही, १९६० च्या दशकातल्या लाकडी ड्रमच्या आत लाल शाईचा तारखेचा शिक्का असतो तो जास्त खरा.

धातूचा असेल तर खिशात लोहचुंबक ठेवा, चिकटला तर पोलाद, नाही चिकटला तर पितळ नाहीतर ॲल्युमिनियम, आणि हातात उचलला की पितळ लगेच कळतं. चकाकी निळसर असेल तर क्रोम, जरा पिवळट धुरकट असेल तर निकेल, निकेल बहुतेक वेळा जुनं. म्हणून पॉलिशवाल्याकडून नवं क्रोम चढवून घेऊ नका हो, एवढी एक खूण पण पुसून जाते.

आणि पान ताणायचे बोल्ट ज्यात बसतात त्या ड्रमच्या अंगावरच्या डब्या लाकडाच्या दिसल्या तर कुणीतरी घरी जुगाड केलाय असं म्हणून फेकू नका. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ला, अमेरिकेत वाद्यात वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त धातू वापरायला बंदी आली, तेव्हा स्लिंगरलँड या तिथल्या ड्रम कंपनीनं त्या डब्या चक्क शिसवीच्या केल्या. मला हे वाचून अंगावर काटा आला, लढाई ड्रमच्या अंगावर लिहिलेली आहे.

मेरठच्या जली कोठी या वाद्यं बनवणाऱ्यांच्या भागात बनलेले ड्रम आपल्याकडं भरपूर आहेत, ते विलायती नाहीत म्हणून कमी समजू नका, आपल्या वराती त्यांनीच वाजवल्यात, पण त्यांच्यावर विलायती पार्ट आणि विलायती ड्रमवर मेरठचे पार्ट अशी सरमिसळ असते. एकाच ड्रमवर चार बोल्ट वेगळे, ज्या छिद्रात आता काहीच नाही अशी जादा छिद्रं, आतल्या लाकडावर जुन्या डबीचा उजळ डाग राहिलेला, हे बघितलं की काय काय बदललं ते कळतं. इंग्लिश आणि अमेरिकन बोल्टचे आटे वेगळे, बसत नसेल तर पान्यानं जोर लावू नका, डबीतले आटे जातात आणि ती डबी परत मिळत नाही.

संपादकसाहेब, माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा बॅजचा, आतल्या बाजूचा आणि तारा सोडायच्या खटक्याचा पण एकेक फोटो घ्या, वाचणाऱ्यातला कुणीतरी ओळखेलच. आणि ज्यांच्या घरात माळ्यावर साइड ड्रम पडलाय त्यांनी भंगारवाल्याला किंवा सुताराला द्यायच्या आधी निदान मोबाइलवर आतले फोटो काढून ठेवा.

माझ्या ड्रमला आता खालची कड नवीन जोडून परत त्या दोन खोलगट जागा काढाव्या लागतील, ते करणारा कारागीर मी शोधतोय. शहरात कुणी असेल तर कृपया आपल्या पत्त्यावर कळवावं, मी येऊन घेऊन जाईन.

आपला,
एक नियमित वाचक
विजापूर वेस, सोलापूर